विंच म्हणजे काय? रुतलेली गाडी ती कशी ओढते, गाडीवर कशी बसवतात आणि लोकांचा जीव कुठे जातो

पिंप्राळा आज जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. घरं आणि दुकानं संपून गिरणेच्या दिशेनं निघालात की काळी जमीन सुरू होते. जूनच्या शेवटी दोन दमदार पाऊस झाले की या जमिनीच्या कडेला उभं राहून एक वाक्य हमखास ऐकू येतं: “गाडी फसनी.” मग ट्रॅक्टर येतो, साखळदंड येतो, दहा माणसं जमतात आणि अकरा सल्ले मिळतात.

मोबाईलवर याच प्रसंगाचं दुसरं रूप दिसतं. एखादी जीप गोव्याच्या किंवा मलेशियाच्या जंगलात बंपरपर्यंत चिखलात बसलेली असते. ड्रायव्हर बटण दाबतो, समोरच्या झाडाला बांधलेली दोरी ताणली जाते आणि जीप आपली आपणच बाहेर येते. हे करणारं यंत्र म्हणजे विंच. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ स्पर्धेमुळे आपल्याकडच्या अनेकांनी ती पहिल्यांदा पाहिली. आता ऑनलाइन बाजारात विंच सहज मिळते, त्यामुळे “आपल्या पिकअपला बसवून घेऊ का?” किंवा “ट्रकला चालेल का?” हे प्रश्न गॅरेजवाल्यांना विचारले जातात. उत्तर हो-नाहीत देता येत नाही, कारण आधी थोडा हिशेब करावा लागतो.

काळ्या जमिनीत गाडी एवढी का रुतते?

खानदेशची काळी माती दख्खनच्या काळ्या खडकापासून, म्हणजे बेसॉल्टपासून तयार झाली आहे. तिच्यात पाणी धरून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. उन्हाळ्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच फुगून लोण्यासारखी होते. कपाशीला हे मानवतं, चाकाला मानवत नाही.

शेतकरी ‘वापसा’ आल्याशिवाय औत घालत नाही. ट्रकवाल्याला मात्र वापसा दिसत नाही. दोन दिवस ऊन पडलं की वरचा थर वाळून कडक दिसतो आणि आत वीतभर खाली ओल तशीच असते. रिकामी गाडी आत जाते, माल भरून निघाली की वरची पापडी फुटते आणि चाक खाली जातं. ड्रायव्हर घाबरून रेस देतो. चाक जागेवर फिरून टायरच्या नक्षीत माती भरतं, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी आणखी खाली बसते. एक्सल जमिनीला टेकला की चाकं हवेत फिरल्यासारखी फिरतात. यापुढे कितीही रेस दिली तरी डिझेल जळण्यापलीकडे काही होत नाही.

शिवाय चिकट माती चाकाला आणि चेसिसला धरून ठेवते. चिखलात रुतलेला पाय उपसताना जी ओढ जाणवते तीच ही ओढ. ती मोडल्याशिवाय गाडी हलत नाही आणि ती मोडायला सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे फावडं.

विंच म्हणजे नेमकं काय?

विहिरीवरचा रहाट आठवा. दांडा फिरवला की दोर लाकडी गोलावर गुंडाळला जातो आणि बादली वर येते. विंचही हेच करते. एक पिंप (याला ड्रम म्हणतात), त्यावर गुंडाळलेली तार किंवा दोर, आणि पिंप फिरवणारी ताकद. मोटर फार वेगानं फिरते, पण मधल्या गिअरमुळे पिंप अगदी सावकाश फिरतं. वेग कमी होतो आणि त्याच्या बदल्यात ओढ वाढते. जोडीला एक ब्रेक असतो, त्यामुळे बटण सोडलं की ताणलेला दोर परत सुटत नाही.

ताकद कुठून येते यावरून प्रकार पडतात. जीप आणि पिकअपवर दिसते ती बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रिक विंच. अमेरिकेच्या वॉर्न कंपनीनं १९५९ मध्ये हौशी जीपवाल्यांसाठी अशी विंच बाजारात आणली आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. मोठ्या ट्रकवर आणि ब्रेकडाऊन क्रेनवर हायड्रॉलिक विंच असते. तिला इंजिनावर चालणारा पंप तेलाचा दाब पुरवतो. काही गाड्यांत गिअरबॉक्सवरून, म्हणजे पीटीओवरून, शाफ्ट काढून पिंप फिरवतात. ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर फिरवणाऱ्या शेतकऱ्याला पीटीओ समजावून सांगायची गरज नाही. चौथा प्रकार हाताचा. फॅब्रिकेशनवाल्यांकडे आणि विजेचे खांब उभे करणाऱ्यांकडे ‘टिरफॉर’ असतं: तरफ पुढं-मागं केली की तार इंच-इंच पुढं सरकते. घाम निघतो, पण बॅटरी लागत नाही. आडगावी अडकलेल्या माणसाला त्याचा उपयोग इलेक्ट्रिक विंचपेक्षा जास्त होऊ शकतो, हे माझं मत.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. गाडीची विंच आडवं ओढण्यासाठी असते. तिनं माल उचलणं, विहिरीत मोटर सोडणं किंवा माणूस उतरवणं हा जिवाशी खेळ आहे. तिचा ब्रेक त्या कामासाठी बनवलेला नसतो.

किती ताकद लागते?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा थांबू.

डांबरी रस्त्यावर, न्यूट्रलमध्ये असलेली गाडी ढकलायला तिच्या वजनाच्या साधारण पंचविसाव्या भागाएवढा जोर लागतो. म्हणूनच दोन-तीन माणसं मोटार ढकलू शकतात. गवतावर हा जोर सातव्या भागावर जातो, मऊ कोरड्या वाळूत चौथ्या भागावर, उथळ चिखलात तिसऱ्या भागावर आणि चिकट, खोल चिखलात निम्म्या वजनावर. चढ असेल तर प्रत्येक अंशाला वजनाचा सुमारे साठावा भाग वेगळा मिळवायचा.

हे आकडे चाक फिरतंय असं धरून आहेत. गाडी खरोखर गाडली गेली असेल तर लष्करी रिकव्हरीत वापरला जाणारा ढोबळ ठोकताळा जास्त खरा ठरतो: चाकं बुडेपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाएवढी ओढ, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, केबिनपर्यंत तर तिप्पट.

आता आपल्या गाड्या घेऊ. माल भरलेली पिकअप साधारण तीन-साडेतीन टनांची. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट ताकदीची विंच घ्यावी असा प्रघात आहे, म्हणजे पाच टनांच्या आसपास. बाजारात विंच पाउंडात विकतात. १२,००० पाउंड म्हणजे सुमारे ५,४०० किलो. पिकअपला ही बरोबर बसते.

सहा टायरचा मालट्रक घेतला तर भरलेलं वजन १८ टनांच्या घरात जातं. उथळ चिखलात त्याला सहा टनांची ओढ लागेल, चिकट मातीत नऊ टनांची, आणि चाकं गाडली गेली असतील तर अठरा टनांची. तिथे जीपची विंच लावणं म्हणजे बैलाच्या कामाला शेळी जुंपणं.

त्यातही बॉक्सवर छापलेला आकडा पूर्ण मिळत नाही. तो पिंपावरच्या पहिल्या थरासाठी असतो, म्हणजे जवळजवळ सगळा दोर बाहेर काढलेला असताना. दोर थरावर थर चढत जातो तसा पिंपाचा घेर वाढतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरावर काम करत असाल तर छापील ताकदीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच हातात उरते. म्हणजे झाड अगदी जवळ असणं हे विंचसाठी चांगलं नाही, लांब असणं चांगलं.

हा हिशेब उलटा करूनही बघता येतो. ओढ वाढवता येत नसेल तर वजन कमी करा. भरलेल्या सहाटायरी ट्रकमध्ये निम्म्याहून जास्त वजन मालाचं असतं. माल उतरवला की सहा-सात टनांचा सांगाडा उरतो आणि उथळ चिखलात त्याला दोन-सव्वादोन टनांची ओढ पुरते. हे सगळ्यांना कळतं, पण केळीच्या ट्रकच्या बाबतीत कोणी करायला तयार नसतं. घड उतरवायला-चढवायला हमाली लागते, केळीला डाग पडला की भाव उतरतो, आणि दिल्लीकडच्या व्यापाऱ्याला माल ठरल्या वेळी हवा असतो. मग अर्ध्या तासात काम उरकायच्या नादात भरलेल्या ट्रकला कमकुवत साखळी बांधून झटके दिले जातात. अपघात होतात ते बहुतेक याच अर्ध्या तासात.

ट्रॅक्टर असताना विंच कशाला?

प्रश्न रास्त आहे. खानदेशात विंच क्वचित आणि ट्रॅक्टर दर गल्लीत. बहुतेक गाड्या ट्रॅक्टरच काढतो आणि सावकाश, सरळ रेषेत ओढलं तर त्यात वावगं काही नाही.

ट्रॅक्टरची ओढ त्याच्या टायरच्या पकडीवर अवलंबून असते. ज्या मातीत ट्रक फसला त्याच मातीत ट्रॅक्टर उभा असतो, म्हणून तोही घसरतो. मग चालक साखळी ढिली सोडून पुढे झेप घेतो आणि झटका देतो. लोखंडी साखळीला लवचिकपणा नसतो, त्यामुळे झटक्याचा सगळा भार एका क्षणात हुकावर, कडीवर किंवा बंपरवर येतो. त्यातलं जे सगळ्यात कच्चं, ते गोळीसारखं उडतं.

दुसरा धोका ट्रॅक्टरचालकालाच आहे. साखळी खालच्या ड्रॉबारला न बांधता वर, एक्सलच्या वरच्या बाजूला बांधली आणि मागचं वजन हललं नाही, तर ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचलतं आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. हे दीड सेकंदाच्या आत होतं. तेवढ्यात उडी मारायला वेळ मिळत नाही. म्हणून ट्रॅक्टर वापरा, पण साखळी ड्रॉबारलाच बांधा.

विंचचा फायदा असा की ओढणारी गाडी कोरड्या, पक्क्या जागेवर उभी राहू शकते आणि ओढ हळूहळू, झटक्याशिवाय वाढते. शेतात फसलेल्या भरल्या ट्रकसाठी योग्य साधन म्हणजे रस्त्यावर उभी राहणारी, हायड्रॉलिक विंच असलेली क्रेन किंवा रिकव्हरी गाडी. तिचं भाडं ऐकून पोटात गोळा येतो खरा, पण मोडलेला एक्सल त्याहून महाग पडतो.

बसवताना काय पाहायचं?

समजा पिकअप किंवा जीपवर विंच बसवायची आहे. पहिला नियम: विंच चेसिसला बसवतात, बंपरला नाही. मूळ बंपर पातळ पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा असतो. पाच टनांची ओढ आली की तो कागदासारखा फाटून विंचसकट पुढे येईल. दोन्ही चेसिस रेल्सना बोल्टनं पकडलेली जाड पोलादी प्लेट हवी आणि त्या प्लेटवर विंच. बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा त्याहून वरचे घ्या. हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. डोकं कोरं असलेला बोल्ट घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो. चेसिसवर थेट वेल्डिंग मारणं टाळा. त्या जागी पोलादाचा कस बदलतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. वेल्डिंग करायचंच झालं तर बॅटरीच्या वायरी आधी काढून ठेवा, नाहीतर गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट जळू शकतो.

दोर प्लेटमधून बाहेर येतो तिथे एक चौकट बसवतात. तिला फेअरलीड म्हणतात. लोखंडी तार असेल तर चार रोलरची चौकट, सिंथेटिक दोर असेल तर गुळगुळीत अॅल्युमिनियमची. तारेनं घासून खरबरीत झालेल्या रोलरवर सिंथेटिक दोर चालवला तर तो कुरतडला जातो.

मग विजेचं काम. बारा व्होल्टची मोठी विंच पूर्ण भारावर ४०० अँपिअरपर्यंत करंट खेचते. गाडीचा अल्टरनेटर त्याच्या चौथ्या हिश्शाएवढाही देत नाही, बाकी सगळं बॅटरीतून जातं. म्हणून इंजिन चालू ठेवूनच विंच चालवायची, मिनिटभर ओढून थांबायचं, मोटरला हात लावून बघायचं. हात ठेवता येत नसेल इतकी तापली असेल तर बिडीकाडी होईपर्यंत थांबा. वायर जाड तांब्याची आणि विंचबरोबर आलेलीच वापरा. ती पत्र्याच्या कडेवर घासणार नाही अशी रबरी नळीतून न्या आणि बॅटरीजवळ एक मोठा कट-ऑफ स्विच बसवा. ४०० अँपिअरचं शॉर्टसर्किट म्हणजे बॉनेटखाली वेल्डिंग मशीन चालू होणं. ट्रकची वायरिंग बहुधा २४ व्होल्टची असते, तिथे १२ व्होल्टची विंच लावून चालत नाही.

प्लेट, विंच आणि तार मिळून पुढच्या एक्सलवर ५० ते ८० किलो वजन वाढू शकतं. गाडी पुढून खाली बसते, हेडलाइटचा झोत बदलतो. रेडिएटरसमोर विंच आली तर हवा अडते, आणि आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते महागात पडतं.

आणि आरटीओ? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हीच भूमिका ठामपणे घेतली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं गाड्यांपुढे लावलेल्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. पुढे काढलेला, विंचसाठी खास बनवलेला लोखंडी बंपर या नजरेतून सुटेल असं समजू नका. पादचाऱ्याला त्याची धडक जास्त लागते आणि एअरबॅगच्या वेळेतही गडबड होऊ शकते. एमएच-१९ असो की एमएच-१८, पैसे खर्च करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. मूळ बंपरच्या आत लपणारी प्लेट किंवा गरजेला मागच्या हुकावर अडकवता येणारी सुटी विंच हे पर्याय आहेत, पण त्यांच्याबद्दलही तिथेच विचारलेलं बरं.

प्रत्यक्ष ओढताना

सुरुवात विंचनं होत नाही, फावड्यानं होते. चाकांपुढची माती काढा, एक्सलखालचा ढीग काढा. चाकाखाली मुरूम, पऱ्हाट्या, तुराट्या, फळ्या, जे मिळेल ते सारा. टायरची हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते (भरल्या ट्रकची फार कमी करू नका, आणि रस्त्यावर आल्यावर भरायला विसरू नका). एवढ्यानंच निम्म्या गाड्या निघतात. ज्या चाकोरीनं गाडी आत गेली तिच्यातूनच मागे ओढणं बहुतेक वेळा सोपं जातं, कारण तिथली माती आधीच दबलेली असते. पुढे नवा चिखल वाट पाहत असतो.

मग दोर कशाला बांधायचा? झाड असेल तर जिवंत, जाड, खोल मुळांचं. कडुनिंब, चिंच, बाभूळ चालेल. वाळलेलं झाड नको, विजेचा खांब तर मुळीच नको. केळीच्या बागेत उभे असाल तर चहूकडे खांबासारखं काहीतरी दिसेल, पण केळ हे झाडच नाही, पानांच्या गुंडाळ्यांचं खोड आहे. ते दोन माणसांच्या ओढीनंही आडवं होतं.

झाडाला तार थेट गुंडाळू नका. तार साल कापते, झाड मरतं, आणि तारेत कायमची मोड येते. रुंद नायलॉनचा पट्टा बुंध्याला शक्य तितका खाली लावायचा आणि त्याची दोन्ही टोकं शॅकलमध्ये घालायची. पट्टा एवढा लांब हवा की दोन बाजूंमधला कोन लहान राहील. कोन १२० अंशांवर गेला की पट्ट्याच्या प्रत्येक बाजूवर पूर्ण ओढीएवढा भार येतो. शॅकलवर किती टन ते कोरलेलं असतं. पिन घट्ट करून मग पाव आटा मागे फिरवा, नाहीतर ताणानंतर ती उघडणार नाही.

झाड नसेल, आणि काळ्या शिवारात बऱ्याचदा नसतंच, तर दुसरी जड गाडी. ती कोरड्यात उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांपुढे मोठे दगड लावा. जळगावच्या रामरथाच्या चाकाखाली मोगरी लावून एवढा मोठा रथ थांबवतात आणि वळवतात, तीच युक्ती. तीही नसेल तर स्टेपनी पुरण्याचा उपाय आहे: ओढीच्या दिशेला आडवा असा कंबरभर खड्डा, त्यात पट्टा बांधलेलं टायर, पट्टा बाहेर यायला तिरका चर, आणि वर दाबून भरलेली माती. एक-दोन तासांचं काम आहे आणि चिंब ओल्या मातीत तेही टिकेल याची खात्री नाही. जमिनीत ठोकलेल्या पहारी तर ओल्या काळ्या मातीत लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात.

ओढ कमी पडत असेल तर कप्पी वापरा. रिकव्हरीवाले हिला स्नॅच ब्लॉक म्हणतात. विंचचा दोर झाडाला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत गाडीच्या चेसिस हुकाला आणायचा. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो, आणि दोर जास्त बाहेर आल्यामुळे पिंपाचे थरही कमी होतात. घर्षणात थोडं जातं. मात्र कप्पी धरणाऱ्या पट्ट्यावर आणि शॅकलवर दोराच्या दुप्पट भार येतो, हे लोक विसरतात आणि तिथे हलकं सामान लावतात.

पिंपावर तारेचे किमान पाच वेढे आणि सिंथेटिक दोराचे आठ-दहा वेढे राहिलेच पाहिजेत. दोराचं टोक पिंपाला एका छोट्या स्क्रूनं धरलेलं असतं. खरी पकड वेढ्यांच्या घर्षणाची, स्क्रू भार घेत नाही. दोर सरळ रेषेत येऊ द्या. तिरका आला तर एका कडेला ढीग होऊन पिंप अडकतं.

दोर हलका ताणला की थांबा. एकदा सगळं फिरून बघा: गाठ, शॅकल, हूक, पट्टा, लोक. मग ओढ सुरू. फसलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू चाकं फिरवत साथ द्यायची. थोडा भार त्यानं हलका होतो. चाक घसरू लागलं की लगेच पाय काढायचा. गाडी दोराच्या पुढे धावली तर दोर ढिला पडतो आणि पुढचा ताण झटक्यानं येतो. खुणा एकानंच करायच्या, बाकीच्यांनी गप्प बसायचं. गावात हे सगळ्यात अवघड.

तार तुटते तेव्हा

साधारण ९-१० मिलिमीटरची पोलादी तार साडेसहा टनांच्या आसपास तुटते. ५,४०० किलोच्या विंचला हीच तार असेल तर मधे एक टनाचंच अंतर उरतं. तार गंजलेली, मोडलेली किंवा एकदा चिरडलेली असेल तर तेही नाही. ताणलेली तार तुटली की दोन्ही टोकं चाबकासारखी परत येतात आणि त्यांच्या वाटेत आलेला माणूस वाचत नाही.

सिंथेटिक दोर याबाबतीत बरा. तो हलका आहे, तुलनेनं सुरक्षितपणे खाली पडतो, हातात कुसळं घुसत नाहीत आणि त्याच जाडीत तारेपेक्षा मजबूत असतो. पण त्याच्या टोकाला लोखंडी हूक असतोच, आणि तो उडतो. शिवाय हा दोर पॉलिथिलीनच्या कुळातला, उष्णता त्याला सोसत नाही. ऊन, धारदार दगड आणि आत शिरलेली वाळू त्याला हळूहळू खातात. गिरणेच्या पात्रात वापरला असेल तर स्वच्छ पाण्यानं धुवून, सावलीत वाळवूनच गुंडाळा.

म्हणून दोन्हीसाठी नियम एकच. दोर जेवढा लांब ताणला आहे त्याच्या दीडपट अंतरात कोणी उभं राहू नये. वीस मीटर दोर असेल तर तीस मीटर. कप्पी लावली असेल तर दोराच्या आतल्या कोनात तर कोणीच नको, कारण कप्पी सुटली तर ती तिथेच येते. ताणलेला दोर ओलांडायचा नाही. त्यावर मधोमध ओलं पोतं, जाड गोधडी किंवा जुनं जॅकेट टाका, म्हणजे तुटला तर जमिनीकडे दबेल. बॉनेट उघडं ठेवलं तर काचेला थोडा आडोसा होतो. हातमोजे चामड्याचे हवेत, आणि दोर गुंडाळताना हात फेअरलीडपासून हातभर लांबच. बोटं आत ओढली गेली तर विंच थांबायला लागणारा अर्धा सेकंदही फार होतो.

व्हिडिओ काढणारा पोरगा नेहमी दोराच्या रेषेत उभा असतो, कारण तिथून दृश्य छान दिसतं. आधी त्याला हटवा.

कधी हात लावायचा नाही

राष्ट्रीय महामार्गावर गाडी उतारावरून खाली गेली असेल किंवा आडवी झाली असेल तर स्वतः दोर बांधू नका. १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक आहे, कोणी जखमी असेल तर ११२. रस्त्यावर आडवा दोर ताणून ओढायची वेळ आली तर वाहतूक आधी दोन्ही बाजूंनी पूर्ण थांबवा. रात्री अंधारात काळी तार दुचाकीवाल्याला दिसत नाही. घाटात हे आणखी कठीण. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी कन्नड घाटात दरड कोसळून वाहनं अडकली, तेव्हा लागली ती मोठी यंत्रं. एखाद्या जीपवाल्याची हौस तिथे कामाची नव्हती. नदीपात्रात पाणी वाढत असेल तर गाडी सोडून काठावर या. गॅसचा किंवा पेट्रोलचा टँकर असेल तर जवळही जाऊ नका.

काम झाल्यावर

गाडी निघाली की लोक टाळ्या वाजवून पांगतात आणि दोर तसाच चिखलात गुंडाळला जातो. पुढच्या वेळी तो यामुळेच दगा देतो. सपाट जागी दोर पूर्ण उलगडा, वेढे सोडून. हात फिरवून बघा: तारेचे सुटे धागे, चपटी झालेली जागा, पिंजऱ्यासारखी फुगलेली जागा, सिंथेटिक दोरात कडक किंवा चकाकणारा वितळलेला भाग. असं काही दिसलं तर तेवढा दोर कापून नवी कडी घाला किंवा दोरच बदला. मग टोक एखाद्या झाडाला बांधा, गाडी न्यूट्रलमध्ये किंचित चढावर ठेवा आणि विंचनं स्वतःलाच हळूहळू ओढत दोर एकेक वेढा शेजारी-शेजारी गुंडाळा. ढिला गुंडाळलेला दोर पुढच्या मोठ्या ताणात खालच्या थरात रुतून बसतो. मग तो ना पुढे येतो ना मागे, आणि पिंप उघडण्यासाठी गाडी गॅरेजमध्येच न्यावी लागते.